कानेलाच्या गळ्यातला मणी

लाम्ब्रिनी 'दगडां'कडे निघाली तेव्हा तिच्या टोपलीत भाजी खुडायची सुरी होती, इस्त्री केलेली उशीची खोळ होती आणि लाल वाइनची छोटी बाटली होती. सुरी लोकांना दाखवायला. खरं काम खोळीचं.

गावात त्या जागेला कुणी प्राचीन शहर वगैरे म्हणत नसे. ते बसमधून उतरणारे, टोप्या घातलेले लोक म्हणत. काटोहोरीच्या लोकांना ती नुसती दगडं. तिथं शेळ्या चरायच्या, हिवाळ्यात कोवळी रानभाजी निघायची, आणि गावातल्या निम्म्या घरांच्या उंबऱ्याखाली तिथलाच एखादा घडीव दगड होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनीच तोंडाला कुलूप लावलं होतं.

येत्या शनिवारी तिच्या नवऱ्याला मातीतून काढायचं होतं. थीमिओसला जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांनी घरचे थडगं उघडतात, हाडं वाइनने धुतात, पेटीत नीट रचतात, आणि पेटी अस्थिघरातल्या फळीवर जाऊन बसते. मोकळी झालेली जागा गावातल्या पुढच्या माणसाला. लाम्ब्रिनीने पेटी जरा मोठीच करून घेतली होती. सुतार म्हणाला, "एवढी कशाला, बाई? मोठी होईल. थीमिओस काय ताडमाड होता का?"

"जन्मभर माझ्याशेजारी अंग चोरून झोपला," लाम्ब्रिनी म्हणाली. "आता तरी पाय पसरू दे त्याला."

सुतार हसला आणि त्याने माप लिहून घेतलं. पेटी मोठी हवी होती ती तिच्या लेकासाठी, हे त्याला कसं कळणार?

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, दीड महिना आधीच तिला मुलगा झाला होता. नदीला पूर आलेला, सुईण पलीकडच्या गावात अडकलेली, घरात नवराबायको दोघंच. पोर मांजराच्या पिलाएवढं, पण रडलं. संध्याकाळी त्याचं रडणं बारीक होत गेलं. मूल हातचं जातंय असं वाटलं तर घरातल्या कुणीही त्याला तीन वेळा हवेत उचलायचं आणि नाव घ्यायचं, की झाला बाप्तिस्मा. देवाला तेवढं पुरतं. लाम्ब्रिनी म्हणाली, "उचल त्याला." थीमिओस म्हणाला, "असलं अभद्र काही नको. उद्या पूर ओसरला की चर्चच्या पापाला आणू, सगळं रीतसर करू, वाजतगाजत." दुसऱ्या दिवशी पूर ओसरला. पोर पहाटेच गेलं होतं.

त्या वेळचे पापा, म्हणजे गावचे धर्मगुरू, भलतेच कडक. बाप्तिस्मा नाही तर नाव नाही, नाव नाही तर दफनभूमीत जागा नाही. विषय संपला. थीमिओसने वाद घातला नाही. तो गोठ्यात गेला आणि तुटक्या तोंडाची एक जुनी घागर घेऊन आला. त्यांचं शेत दगडांच्या पूर्वेच्या वेशीबाहेर होतं आणि तिथं नांगराला अशा घागरी लागायच्या. कधी रिकाम्या, कधी आत इवलीशी हाडं. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनीही आपली लेकरं तशीच पुरली होती.

"तिथं सगळी लेकरंच आहेत," थीमिओस म्हणाला. "याला सोबत होईल." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं.

घागरीच्या तोंडावर दगड ठेवण्याआधी लाम्ब्रिनीला वाटलं, पोराला दृष्ट लागू नये म्हणून तरी काही द्यावं. मेलेल्या पोराला कसली दृष्ट, पण बावीस वर्षांच्या आईला हे कोण सांगणार! वेळेआधी आलेला, त्याच्यासाठी घरात काहीच आणलेलं नव्हतं. शेवटी तिने त्यांच्या खेचराच्या, कानेलाच्या, गळपट्ट्यातला एक निळा मणी तोडला आणि दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधला.

चार वर्षांनी मुलगी झाली, एवांथिया. तिला हे कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. दरवर्षी मृतांच्या शनिवारी दोघं भाजी खुडायच्या निमित्ताने वेशीबाहेर जात, रानटी नासपतीच्या झाडाखाली मूठभर उकडलेले गोड गहू ठेवत आणि रिकामी टोपली घेऊन परत येत. पुढे शेत सरकारने घेतलं, कुंपण आलं, तरी कुंपणाची फट शोधून ते जात राहिले. मग थीमिओस अंथरुणाला खिळला, लाम्ब्रिनीचे गुडघे गेले, आणि सहा वर्षं पोराकडे कुणी फिरकलंच नाही. याची तिला फार लाज वाटायची. ठरवलं होतं, बापाला काढायच्या वेळी यालाही काढायचं. एकाच पेटीत बाप-लेक. आताचे पापा तरुण आणि मवाळ होते. त्यांना विचारायचीही गरज नव्हती; पेटीत डोकावून हाडं मोजतो कोण?

आता ती वेशीबाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. झाड नव्हतं. झाड नव्हतं, बांध नव्हता, उतारसुद्धा नव्हता. काटकोनात खणलेले खड्डे होते, दोऱ्या होत्या, नंबराच्या पाट्या होत्या आणि वर पत्र्याचं छप्पर. 

"मामी! दोरीच्या आत नको!"

पांदेलिस धावत आला. थीमिओसच्या बहिणीचा मुलगा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, दगडांचा सरकारी राखणदार. गळ्यात शिट्टी होती, पण मामीवर फुंकायची त्याची हिंमत नव्हती.

"इथलं झाड कुठंय?" लाम्ब्रिनीने विचारलं.

"कुठलं, ते नासपतीचं? तीन वर्षं झाली की. मामाची चाळीस दिवसांची प्रार्थना झाली ना, त्याच आठवड्यात तोडलं. मुळांखाली घागरी निघाल्या, एकोणीस! सगळ्यांत तान्ही पोरं. पेपरात फोटो आला होता माझा. बघितला नाहीस?"

त्या वर्षी तिने पेपर उघडलाच नव्हता.

"आणि त्या घागरी?"

"आत मांडल्यात काचेत. चल, दाखवतो. सुरी तेवढी दारात ठेव, मामी. हत्यार घेऊन म्हातारी आत सोडली म्हणून माझी नोकरी जायची."

दाराशेजारच्या दालनात गारवा होता. परदेशी जोडपं एका काचेपाशी वाकलं होतं. बाई हळहळली, तिने फोटो काढला आणि ती पुढे गेली. लाम्ब्रिनी एकेक काच बघत चालली. पहिल्या काही घागरी तिला कुणाच्याच वाटल्या नाहीत. चौदा नंबरच्या काचेपाशी तिला वाचायची गरज पडली नाही. घागरीचं तोंड डावीकडे फुटलेलं होतं, थीमिओसने तोंडावरचा दगड बसवताना आणखी फुटलं होतं तसंच. आत तपकिरी, काड्यांसारखी हाडं. आणि त्यांच्याशेजारी, पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर, निळा मणी. एका बाजूला टवका उडालेला. कानेला गोठ्याच्या भिंतीला मान घासायची, त्यात उडालेला.

पाटीवर लिहिलं होतं: अर्भकाचं दफन, इसवी सनपूर्व चौथं शतक, काचेच्या मण्यासह.

"हा एकच दागिनेवाला," पांदेलिस कौतुकाने म्हणाला. "बाकी अठराजणांकडे काही नाही. खोदकाम बघणारी दानाई म्हणते, आईबाप खाऊनपिऊन सुखी असणार."

लाम्ब्रिनी काचेवर तळहात टेकवून उभी राहिली. काचेला हात लावू नये अशी पाटी होती. पांदेलिसने ती पाटी दाखवायला बोट उचललं आणि मामीचं तोंड पाहून खाली घेतलं.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

"मणी?"

"पोर."

मग तिने तिथंच सगळं सांगून टाकलं, पूर, सुईण, पापा, घागर. अठ्ठावन्न वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पांदेलिसने आधी दार लोटलं. मग कपाळावरचा घाम पुसला.

"मामी, हळू बोल. मामाने प्राचीन घागर वापरली? अगं, कायद्याने गुन्हा आहे तो!"

"मग येऊ देत की पोलीस. थीमिओसला शनिवारी काढणारच आहोत. हातोहात घेऊन जा म्हणावं."

पांदेलिसला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. भला माणूस होता. "मी काचेला हात लावू शकत नाही, मामी. किल्ली दानाईकडे असते. पण तिला सांगू. चांगली मुलगी आहे."

दानाई खरंच चांगली होती. उत्खननाची सगळी मदार तिच्यावर, वय जेमतेम पस्तीस, नखांत कायमची माती. तिने लाम्ब्रिनीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, कॉफी करून दिली, आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकलं. शेवटी म्हणाली, "आजी, ती घागर चौथ्या शतकातलीच आहे. यात शंका नाही."

"असेल. मी कुठं नाही म्हणते? घागर त्यांची, पोर माझं."

"तिथं एकोणीस पोरं निघाली. उद्या तुमची चूक निघाली, तर दुसऱ्याच कुठल्या आईचं मूल मी तुम्हाला दिलं असं होईल."

"ती आई येणार आहे का विचारायला?"

दानाईने वही पुढे ओढली. मग तिने हळूच विचारलं, "काही पुरावा आहे तुमच्याकडे? कागद, नोंद, पापांच्या वहीत काही?"

वहीत काही नव्हतं. म्हणूनच तर तो दगडांत गेला होता. लाम्ब्रिनीने डोकं चालवलं आणि तिला एकदम कानेलाचा गळपट्टा आठवला. खेचर मरून चाळीस वर्षं झाली होती, पण थीमिओसने गळपट्टा माळ्यावर टांगून ठेवला होता. त्यात बाकीचे अकरा मणी असणार. तिला इतका आनंद झाला की कॉफी अर्धी टाकून ती उठली.

दुसऱ्या दिवशी पांदेलिसने माळ्यावरून गळपट्टा काढला. चामडं कडक झालेलं, पण मणी तसेच. अकरा निळे मणी, आणि बाराव्याच्या जागी रिकामी दोरी. दानाईने काच उघडली, चिमट्याने मणी उचलला आणि भिंगाखाली गळपट्ट्यातल्या मण्यांशेजारी धरला. बराच वेळ बघत राहिली. तिच्या मानेवर लाली चढली.

"एकाच साच्यातले आहेत," ती म्हणाली.

"मग!" लाम्ब्रिनीने मांडीवर थाप मारली. "खोळ आणलीय मी. इस्त्री केलेली आहे."

"आजी, इतकं सोपं नसतं. मला वर कळवावं लागेल. साहेबांनी येऊन बघावं लागेल."

"शनिवारच्या आत?"

"मी आज फोन करते. हात जोडून सांगते त्यांना."

बुधवार लाम्ब्रिनीने घर झाडण्यात घालवला. शनिवारसाठी गहू निवडले. एरवीपेक्षा ओंजळभर जास्त घेतले, कारण या वेळी दोघांचे करायचे होते. पात्रा शहरातून एवांथियाचा फोन आला, तेव्हा आईचा आवाज ऐकून ती म्हणाली, "आज खुशीत दिसतेस?" लाम्ब्रिनी म्हणाली, "तू येशील तेव्हा सांगते." खरंच सांगणार होती. पेटीत हाडं ठेवताना हात धरून सांगायचं, हा तुझा भाऊ, असं तिने मनाशी घोकून ठेवलं.

गुरुवारी साहेब आले. उंच, पांढऱ्या दाढीचे, बोलणं मधासारखं. त्यांनी मणी पाहिला, गळपट्टा पाहिला, घागर पाहिली. लाम्ब्रिनीला वाटलं आता आपल्याला विचारतील, म्हणून ती पुढे सरकून बसली. पण ते दानाईशीच बोलत होते.

"नांगरलेली जमीन आहे. झाडाची मुळं, उंदीर, वरचं खाली जायला वेळ लागत नाही. घागरीचं तोंडही फुटलेलं. खेचराच्या गळ्यातला मणी तुटून पडला आणि आत गेला. घागर जुनी, दफन जुनं, मणी नवा. मणी काढून टाका, पाटी बदला."

"पण सर, बाई म्हणतायत..." दानाई म्हणाली.

"हो, हो." साहेब लाम्ब्रिनीकडे वळले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "आजी, तुमचे उपकार आहेत आमच्यावर. आमची केवढी नामुष्की टळली! आता पुस्तक छापायला जाणार होतं."

"साहेब, माझा मुलगा आहे तो."

"तुमचं दुःख मला समजतं. तुमचाही त्या शेतात कुठंतरी असेल. पण हा नाही."

लाम्ब्रिनीला खूप बोलायचं होतं. घागर डावीकडे कशी फुटली ते सांगायचं होतं, दोरा कुठल्या रंगाचा होता ते सांगायचं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाने हात हातात घेतलेला, आणि तो आभार मानतोय! आभार मानणाऱ्याशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.  साहेब हात सोडून गाडीकडे गेले.

शुक्रवारी दानाई स्वतः घरी आली. दारात बूट काढायला लागली तशी लाम्ब्रिनी म्हणाली, "राहू दे गं, ये." दानाईने पिशवीतून एक छोटी डबी काढली.

"हाडांची तपासणी होऊ शकते, आजी. मी अर्ज केलाय. अथेन्सला जाईल. रांग मोठी आहे, दोन वर्षं, कदाचित तीन."

"तीन वर्षांत मलाच पुरलेलं असेल."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," दानाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण माझ्या विश्वासाला शिक्का नाही ना. माझ्याच्याने एवढंच जमलं." तिने डबी पुढे केली. "मणी आमच्या नोंदीतून कमी झालाय. टाकून देणार होते. मी म्हटलं, तुमचा तुम्हाला आणून द्यावा."

डबीत मणी होता, पुसून लख्ख केलेला.

लाम्ब्रिनी त्याच्याकडे बघतच राहिली. ही पोरगी एवढ्या लांब चालत आली होती, कौतुकाच्या शब्दाची वाट बघत उभी होती, पण लाम्ब्रिनीला डबी हातात घ्यावीशी वाटेना. साऱ्या जगात त्या पोराचं स्वतःचं असं एकच काही होतं. पंचावन्न वर्षं मातीत, मुळांत, पुरात ते त्याच्या गळ्यात टिकलं होतं. आणि ते काढून घेतलं कुणी? आईने. स्वतः गळपट्टा नेऊन, मणी मोजून दाखवून. त्या दिवशी काचेपुढून मुकाट घरी आली असती, तर निदान तेवढं तरी त्याच्यापाशी राहिलं असतं.

"परत ठेव की गं त्याच्याजवळ," ती म्हणाली. "मला नको. पाटीवर काही लिहू नकोस. नुसता आत ठेव."

"नाही ठेवता येत, आजी. तो जुना नाही."

"मग मागच्या बाजूला, हाडांखाली. कुणाला दिसणारही नाही."

 दानाईने मान हलवली, नाही म्हणून, डबी तिथंच ठेवली आणि ती गेली. लाम्ब्रिनीने संध्याकाळी पांदेलिसलाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मामी, कॅमेरे आहेत," आणि अर्धा तास तिच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसून राहिला.

शनिवारी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. थीमिओस छान निघाला, सगळे तसंच म्हणाले. हाडं पिवळी, स्वच्छ, मेणासारखी. माणूस सुखाने सुटला याची खूण. एवांथिया परातीत वाइन ओतत होती आणि लाम्ब्रिनी धूत होती. कवटी हातात आल्यावर तिने ती छातीशी धरली, आणि तिला त्याचा राग आला, खूप वर्षांनी. उचल म्हटलं होतं ना, ती मनात म्हणाली. तीनदा उचलायचं होतं फक्त. मग तिने कवटीच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि ती पुढे दिली.

तरुण पापा-लाबीस पुस्तक उघडून उभे होते. "कुणाकुणाची नावं घेऊ?" त्यांनी विचारलं. वाचताना घरातल्या सगळ्या मृतांची नावं घ्यायची असतात.

"थीमिओस," लाम्ब्रिनी म्हणाली. सासू-सासऱ्यांची नावं सांगितली, आपल्या आईवडिलांची सांगितली.

"आणखी कुणी?"

पापा मवाळ होते. ऐकून घेतलं असतं त्यांनी. पण सांगणार काय? एवांथिया शेजारी उभी होती, आणि ज्या भावाला दाखवायचं होतं तो काचेत होता, चौदा नंबरखाली. नाव तर त्याला कधी मिळालंच नव्हतं. पांदेलिस आपल्या बुटांकडे बघत होता.

"एवढेच," लाम्ब्रिनी म्हणाली.

वाचून झालं, गहू वाटले. ओंजळभर उरले. एवांथिया म्हणाली, "आई, या वेळी फार केलेस." हाडं पेटीत रचली. सगळी मिळून एका बाजूलाच मावली. दुसऱ्या बाजूला लाम्ब्रिनीने इस्त्री केलेली खोळ घडी घालून ठेवली, झग्याच्या खिशातून मणी काढला आणि खोळीवर मधोमध ठेवला.

"हे काय गं?" एवांथियाने विचारलं.

पांदेलिसने मान वर केली. लाम्ब्रिनीने मुलीकडे पाहिलं. चोपन्न वर्षांची लेक, वाइनने लाल झालेले हात, डोळ्यांत नुसती उत्सुकता.

"कानेलाचा मणी," ती म्हणाली.

"खेचराचा?"

"हो."

एवांथिया आधी गोंधळली आणि मग फसकन हसली. "अगदी बरोबर केलंस! बाबांचा आपल्यापेक्षा त्या खेचरावरच जीव होता." शेजारणी हसल्या, पापा हसले, थडगं उकरणारा माणूस फावड्याला टेकून हसला. लाम्ब्रिनीही डोक्यावरच्या काळ्या रुमालाचं टोक तोंडावर धरून हसली. एकटा पांदेलिस हसला नाही. तो पाठमोरा होऊन वाइनची परात धुवायला गेला.

सुतार झाकण बसवायला पुढे आला. त्याने आत वाकून पाहिलं. निम्मी पेटी रिकामीच होती.

"सांगितलं होतं ना, बाई," तो म्हणाला, "मोठी होईल म्हणून."

"झाली खरी," लाम्ब्रिनी म्हणाली.